पत्ता

बाबा गेले तेव्हा त्यांच्या पलंगाखाली
रबरी बुटांच्या खोक्यात आमचं घराणं सापडलं.
अकरा वह्या, चर्चच्या नोंदींच्या पुसट झेरॉक्स
आणि बारा डॉलर भरून मागवलेलं राजचिन्ह,
मागच्या पायांवर उभा सिंह.
आमच्यात सिंह कुणी पाहिला नव्हता.
कॉड पाहिला, हेरिंग पाहिला,
आणि धुक्यात गेलेल्या तीन काकांची वाट पाहिली.

आडनाव वायनॉट.
हजेरी घेताना मास्तर मुद्दाम थांबायचे:
व्हर्ना, व्हाय नॉट?
वर्ग दरवर्षी नव्याने हसायचा.
बाबा म्हणायचे, हसू देत,
आपण मुळात नाताळची रात्र आहोत.
वायनाख्त. ऱ्हाइनकाठचे.
सतराशे बावन्नमध्ये योहान गेओर्ग जहाजातून उतरला,
नाव सांगितलं, वारा होता,
कारकून सर्दीने बेजार,
कानावर पडलं ते त्याने लिहिलं.
पवित्र रात्रीचा असा झाला
एक उद्धट प्रश्न.

बाबा दर वेळी इथे कारकुनाला शिंकायला लावायचे.
ती शिंक कुठल्याच कागदात नाही.
मी शोधली.

सापडलं ते भलतंच.
हॅलिफॅक्सच्या दफ्तरखान्यात एक यादी,
लूननबर्गच्या जमिनी वाटल्या त्या दिवसाची.
साहेबांनी पत्ते पिसले होते.
आपण ज्यांनी खेळतो, तेच पत्ते.
एकेकाने पुढे व्हायचं, एक ओढायचा,
जे पान येईल तो आपला तुकडा.
योहान गेओर्ग: चौकटची सत्ती.
म्हणजे उतारावर चाळीस फूट बाय साठ,
खाली खाडी, वर स्प्रूसचं रान.
पत्ता ओढला
आणि पत्ता मिळाला.
इतकं सोपं होतं ते.

शेजारच्या टेबलावर डॉरीन ग्लोड बसायची,
मिगमाव, माझ्याच वयाची, शाळेची बस चालवून निवृत्त.
जेवणाच्या सुट्टीत ती थर्मासमधला चहा द्यायची.
म्हणाली, ग्लोड म्हणजे क्लोद.
फ्रेंच पाद्र्याने पाणी शिंपडून दिलेलं.
जिभेला बसेना, म्हणून जिभेने घासून घेतलं.
आणि त्याआधी?
त्याआधी आडनाव कशाला लागतंय?
ज्याला हाक मारायची तो समोरच असायचा.

मी तिला यादी दाखवली.
अभिमानानेच दाखवली, खोटं कशाला बोलू.
तिने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली.
गड्डी कितीची होती? बावन्नची?
एकही आमच्या हाती नाही.
मग उठून कप विसळून आणले,
तिचा आणि माझा.

बारा वर्षं शोधून तिला मिळाली होती एक ओळ,
कुणा कप्तानाच्या रोजनिशीत, त्याच उन्हाळ्यातली:
"किनाऱ्यावर शेकोटी, एक होडी, दोन रानटी.
सकाळी नव्हते."
एवढंच.
कुठला किनारा ते मात्र नीट लिहिलेलं होतं.
माझ्या घरून चालत सात मिनिटं.

पत्ते खेळणाऱ्या घरात वाढले मी.
थंडीच्या रात्री, कंदील, काजूची वाटी,
बाबा पान आपटून ओरडायचे, गेला तुझा पत्ता!
एक पत्ता लागतो तेव्हा एक कापला जातो,
हे मला माहीत असायला हवं होतं.

सिंह अजून भिंतीवरच आहे.
खिळा काढला तर रंग निघेल.

फाटकाशी टपालपेटी, तिच्यावर आमचं नाव.
पोरं दर हॅलोविनला रात्री येऊन
नावापुढे काळ्या रंगाचं प्रश्नचिन्ह काढतात.
बाबा दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन घेऊन बसायचे,
त्यांच्यानंतर मी बसायचे.

यंदा बर्फ पडायला लागलं,
तरी मी चिंधी हातात घेतलेली नाही.
डॉरीनचं पत्र आलं, तिने पाकिटावर
माझं नाव तसंच लिहिलंय,
प्रश्नचिन्हासकट.
टपालवाल्याला बरोबर सापडलं.